काना राहिला असल्यास

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

दंडवत घालणार होते. पण एकदा घातला की मला उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून नुसता नमस्कार.

आठ-दहा दिवसांपूर्वी ठकीचा फोन आला. तुमच्या घरी ती सूनबाई, पण मी जन्म दिलाय, मला ती ठकीच. म्हणाली, "आई, लिफ्टची तपासनीस व्हायचं शिक्षण घ्यायला मला पाठवतायत. सहा महिने, दुसऱ्या शहरात. एक मार्चला हजर व्हायचंय." परवा पुन्हा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अगं, आवाज असा का, घरात कुणी गेल्यासारखा?" तर म्हणते, "छे, घरी सगळे खूश आहेत."

आता तिचे 'सगळे' म्हणजे दोनच माणसं. जावईबापूंचं सोडा. ते चष्म्याच्या दुकानात दिवसभर जगाला दिसतं करतात आणि घरी आले की त्यांना स्वतःला काही दिसत नाही. उरलात तुम्ही. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की आठवडाभर तुम्ही फक्त चहाच्या भांड्याशी बोलताय.

विहीणबाई, भांड्याने काही उत्तर दिलं का?

फोन केला असता, पण जावईबापू तो मोठ्या आवाजात लावतात आणि माझं बोलणं शेजारचेही ऐकतात. शिवाय फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता. तुमच्या "हं"चे मी आजवर नाना अर्थ लावले, एक बरोबर निघाला असेल तर शपथ.

इकडे गिरणी चालू आहे. ठकीचे बाबा गेल्यापासून मीच दळते. डोक्यावरचं पीठ कुठलं आणि पिकलेलं कुठलं हे आता कुणाला कळत नाही, त्यामुळे वय विचारायची कुणाची छाती होत नाही.

पोटात राग असेल तर बाहेर काढा, माझ्यावर काढा. लग्नात तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड निघाला त्याची माफी मी मागितलेली आहे. तीच पुन्हा हवी असेल तर तसं कळवा, तयार आहे.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची विहीण

*

८ फेब्रुवारी

विहीणबाईंस नमस्कार.

आपले पत्र मिळाले. अक्षर नेहमीसारखेच आहे.

मी हे यंत्रावर लिहीत आहे. आयुष्यभर टंकलेखन शिकवले, त्यामुळे हाताने लिहिलेले पत्र मला अर्धवट कपडे घालून बाहेर पडल्यासारखे वाटते. मात्र यंत्राचा काना मोडला आहे. कळ दाबली की नुसती खट वाजते, कागदावर काही उमटत नाही. म्हणून सगळे काने निळ्या शाईने हाताने दिले आहेत. एखादा काना राहिला असल्यास समजून वाचावे.

सूनबाई गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करते. घरातल्या यंत्राचा काना तसाच आहे. असो.

भांड्याशी बोलते हे खोटे आहे. भांडी घासताना मी पाढे म्हणते.

आपण विचारता म्हणून सांगते. त्या दिवशी सकाळी चहा पिताना सूनबाई म्हणाली, "मी जातेय." 'जाऊ का' नाही, 'जावं म्हणते' नाही. "जातेय." आणि आपल्याला ते आदल्या संध्याकाळीच कळवून झाले होते, हेही मला त्याच चहात समजले. तेव्हापासून मन दुखते. वळवून पाहते, वळत नाही. उशी बदलून पाहिली, तरी झोप नाही.

हे घरात कुणाला सांगितलेले नाही. आपणही सांगू नये.

खुर्चीचा विषय मी काढलेला नाही. आपण काढलात.

आपली,
विहीण

*

१२ फेब्रुवारी

अहो विहीणबाई,

मान दुखते तर तसं आधी नाही का सांगायचं!

तुमचा एक काना राहिला होता, तो मी माझ्या पेन्सिलीने दिला. आधी वाचलं 'मन दुखते' आणि हातातलं सूपच खाली ठेवलं. म्हटलं, विहीणबाईंना मन? आणि ते दुखतंय? आणि हे त्या मला सांगतायत? मग लक्षात आलं, काना! वळत नाही, उशी बदलली, झोप नाही, म्हणजे मानच की. जीव भांड्यात पडला. तुमच्याशी बोलतं त्याच भांड्यात.

कुणाला सांगू नका म्हणालात, तर मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त ठकीला सांगितलं.

आता ऐका. ठकी ज्या इमारतीची लिफ्ट बघते, तिथे तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर बसतो. माना, पाठी, मणके एवढंच बघतो. गोळी नाही, सुई नाही, हाताने कट्‌कन करून मोकळं. त्याच्या धंद्याचं नाव उच्चारताना मात्र माझ्या जिभेला उसण भरते. कायरोप्रॅक्टर. मी आपलं त्याला काय-रे डॉक्टर म्हणते. मागे हा लिफ्टमध्ये अडकला होता, बरोबर एक बाई. ती घाबरून अशी आखडली की मान हलेना. ठकी वरून दार उघडतेय तोवर यानं तिची मान मोकळी करून टाकली. ठकी म्हणते, "आई, खालून असा कडाका ऐकू आला, मला वाटलं दोर तुटला!"

तर त्याच्याकडे जा. ठकी नेईल.

तिथे जायचं नसेल तर मी आहेच. मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. अशा माणसाने पाठीला लाथ मारली की उसण पळते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोक सकाळी दळण घेऊन येतात, डबा ठेवतात आणि न बोलता माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. शाळेचे हेडमास्तर, पोस्टमास्तर, भली भली माणसं माझी लाथ खाऊन गेलीत आणि वर आभार मानून गेलीत. पण तुम्ही पडलात मुलाकडच्या. मुलीच्या आईने मुलाच्या आईला लाथ मारायची म्हणजे, मनात कितीदा आलं असेल ते सोडा, शोभत नाही.

मान सांभाळा. दोन्ही अर्थांनी.

तुमची पायाळू,
विहीण

*

१७ फेब्रुवारी

विहीणबाईंस नमस्कार.

'कुणाला सांगू नये' याचा आपण घेता तो अर्थ मला नवा आहे.

होय. मान. काना राहिला होता.

आपले पत्र यायच्या आत सूनबाईने रजा काढून मला त्या डॉक्टरांकडे नेले. नको म्हणायला सवड मिळाली नाही. तिथे एक अरुंद टेबल आहे. त्यावर पालथे झोपायचे. तोंडासाठी टेबलाला भोक आहे. त्यातून मला फक्त डॉक्टरांचे बूट दिसत होते. एखाद्या माणसाशी त्याच्या बुटांवरून बोलायची माझी पहिलीच वेळ. बूट स्वच्छ होते, त्यामुळे थोडा विश्वास बसला.

बूट म्हणाले, "अंग सैल सोडा."

मी म्हटले, "ते मला कुणी शिकवलेले नाही."

मग उताणे केले, मान दोन्ही हातांत घेतली, "श्वास सोडा" म्हणाले आणि कट्. एवढा मोठा आवाज माझ्या अंगातून आजवर निघालेला नाही. बाहेर बाकावर बसलेली सूनबाई धावत आत आली.

भिंतीवर पाठीच्या कण्याचा तक्ता आहे. कुठल्या मणक्यावर काय काय अवलंबून असते ते त्यावर लिहिले आहे. झोप, पचन, डोकेदुखी, चिडचिड. डॉक्टर म्हणाले, "काहीजण यातल्या सगळ्यासाठी माझ्याकडे येतात. पण पाठ आणि मान सोडून बाकीचं मी छातीठोक सांगणार नाही." थट्टेखोरपणाचा मणका त्यात मला दिसला नाही. दिसला तर आपल्याला कळवीन.

मान दुखतेच आहे. आता पाठीतही उतरली आहे. पुन्हा बोलावले आहे.

सूनबाईने आपण होऊन सांगितले की तुम्ही बऱ्या होईपर्यंत मी कुठे जात नाही. मी 'जाऊ नको' असे म्हटलेले नाही, याची नोंद घ्यावी.

आपली,
विहीण

*

२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र दारात उभं राहून वाचलं. बुटांपाशी एवढी हसले की दळायला आलेली बाई म्हणाली, चांगली बातमी दिसतेय. मग शेवटची ओळ वाचली आणि तिला म्हटलं, उद्या ये, आज पट्टा सरकलाय.

मी शिकले गावच्या शाळेत, पण डोळे शाबूत आहेत. तुमचं पत्र मी उजेडात धरून पाहिलं. डावीकडचा समास असा सरळ, की त्याला धरून भिंत बांधावी. काने सगळे जागच्या जागी, एक तिरका नाही. मान दुखतेय, पाठीत उतरलीय, आणि ही बाई खाली मान घालून पानभर काने देते! माझी मान धरते तेव्हा मला डब्यावर नाव लिहिता येत नाही.

मी काही म्हणत नाही. फक्त पाहिलं ते सांगतेय.

आता ठकीचं ऐका, कारण ती सांगणार नाही. ती बापावर गेलीय, तोंड मिटून बसते. तिचे दुधाचे दात पडत होते तेव्हाची गोष्ट. गिरणी बंद पडली होती, मिस्त्री यायला तयार नव्हता. आम्ही दोघं दारात कपाळाला हात लावून बसलो होतो आणि ही मागून पट्टा चढवून मोकळी. काळी कुळकुळीत. हसली तर समोर दात नव्हता. तेव्हापासून हिला यंत्राचं वेड. बाबा गेले तेव्हा गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला माझ्या जोडीला तीच बसायची, शाळेच्या कपड्यांत. आजवर जिथे गेली तिथे लोकांनी आधी विचारलं, "बाई का पाठवली? माणूस पाठवा." आणि आता पहिल्यांदा कुणीतरी हिला आपण होऊन बोलावलंय. पंचवीस तारखेच्या आत होकार गेला नाही तर जागा दुसऱ्याची. हे तिने तुम्हाला सांगितलंय? नसेलच.

मी तिला 'जा' म्हणू शकते. पण माझं ऐकून गेली तर ती तुम्हाला आजारी टाकून गेली असं होईल, आणि ते घेऊन ती एक दिवस नीट शिकायची नाही. 'जा' तुमच्याच तोंडून हवं.

तेव्हा त्या काय-रे डॉक्टरला एकदा नीट विचारा, दुखतंय कुठे.

थट्टा न करणारी (आजच्यापुरती),
विहीण

*

२४ फेब्रुवारी

विहीणबाईंस नमस्कार.

पंचवीस तारखेचे मला माहीत नव्हते.

आपण म्हणालात म्हणून नव्हे, पण परवा जायचेच होते म्हणून गेले. डॉक्टरांनी पालथे झोपवले. मानेपासून सुरुवात करून एकेका मणक्यावर बोट ठेवत खाली आले. प्रत्येक ठिकाणी विचारत होते, "इथे दुखतं?" मी हो म्हणत होते. "इथे?" हो. "इथे?" हो. मग कुठेतरी टक्‌टक् झाले आणि ते म्हणाले, "आणि इथे?" मी हो म्हटले.

बूट एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "बाई, हे टेबल आहे."

मी उठून बसले. ते म्हणाले, "तुमची पाठ उत्तम आहे. या वयाला एवढा सरळ कणा मी कमी पाहिलाय. उगाच येत राहू नका. पण मला एक सांगा, हो का म्हणत होता?"

त्यांना सांगितले नाही. आपल्याला सांगते. हे गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणाचा हात पडलेला नाही. 'इथे दुखतं का' असे कुणी विचारलेले नाही. नाही म्हटले असते तर त्यांनी हात काढून घेतला असता.

आता दुसरे. काना राहिला नव्हता. मी मन असेच टंकले होते. काना आपण दिलात, आणि मला तो सोयीचा वाटला. मानेसाठी टेबल असते, डॉक्टर असतो, सूनबाई रजा काढते. मन दुखते म्हटले की लोक म्हणतात वय झाले.

आणि मानपानाचेही नव्हते ते. आपल्याला तसे वाटले असेल. सूनबाई संध्याकाळी येते, हाताला वंगण असते, तशीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते आणि आज कोण कुठे अडकले ते सांगते. एकदा एक नवरा-बायको भांडता भांडता अडकले आणि हिने दार उघडले तर एकमेकांचे हात धरून उभे. एकदा एक गृहस्थ बाहेरच यायला तयार नव्हते, म्हणाले इथे शांत आहे. मी हसते. आपल्याला खरे वाटणार नाही, पण मोठ्याने हसते. सहा महिने त्या स्टुलावर कोण बसणार? चिरंजीव बसला तरी मोबाइल घेऊन बसेल.

हे तिला सांगायला हवे होते. सांगता आले नाही. म्हणून आज सकाळी चहा पिताना मी म्हटले, "तू जातेयस." 'जा' नाही, 'जाशील का' नाही. "जातेयस."

ती म्हणाली, "आई, आणि तुमची पाठ?"

मी म्हटले, "पाठ माझी आहे. मी बघते."

तिला पटेना. तेव्हा तिच्यासमोर मान दोन्ही बाजूंना वळवून दाखवली. वळली. दुपारी तिने होकार कळवला.

हे पत्र वाचून फाडावे. 'फाडावे' याचा आपण काय अर्थ घेता ते मला माहीत नाही.

आपली,
विहीण

*

२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

फाडायला घेतलं होतं. पण फाडता फाडता 'बाई, हे टेबल आहे' तिथे बोट आलं आणि हसू आवरेना. हसताना कागद सरळ फाटत नाही. म्हणून ठेवलाय.

कान्याचं सांगते. पहिल्यांदा मी खरंच चुकले. पण तुम्ही 'होय. मान.' असं लिहिलंत ना, मधे पूर्णविराम ठोकून, तेव्हाच पाल चुकचुकली. जिची मान दुखते ती बाई एवढ्या ताठ मानेने मान म्हणत नाही. तरी गप्प बसले. म्हटलं, विहीण चाललीय ना घराबाहेर, चालू दे. कुणाचा तरी हात लागेल. मला काय ठाऊक नाही का? माझ्या तर पाठीवर फक्त पोती पडतात. म्हणून तर मी गावाला लाथा मारत सुटते, तेवढंच माणसाला माणूस लागतं.

पण त्या स्टुलाचं वाचून मला कसंतरीच झालं हो. ठकीने मला एकाही अडकलेल्या माणसाची गोष्ट कधी सांगितली नाही. मी फोनवर विचारते, काम कसं चाललंय? म्हणते, बरं. बस्, बरं! आणि तिकडे नवरा-बायको हात काय धरतात, गृहस्थ बाहेर काय येत नाहीत. हे सगळं तुम्हाला!

आता माझी मान दुखायला लागलीय. काना ठेवायचा की काढायचा ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
विहीण

*

३ मार्च

विहीणबाई,

हे पेन्सिलने लिहितेय, उताणी पडून. वर धरून लिहिलं की पेनातली शाई उतरत नाही. अक्षर तुमच्यासारखं आलंय, माफ करा.

खरंच दुखतंय. या वेळी अगदी खरंच.

सूनबाई निघाली त्या सकाळची गोष्ट. गाडी दारात उभी. तिची हत्यारांची पिशवी उंबऱ्यापाशी होती. मी म्हटलं, "शिकायला चाललीस, हत्यारं कशाला?" तर म्हणते, "आई, रिकाम्या हाताने मला चालता येत नाही." आणि मग पुन्हा तेच, "पाठ बरी आहे ना? नक्की ना?" मला वाटलं, आता हिची कायमची खात्री पटवावी. वाकले आणि पिशवी उचलली.

कमरेत वीज चमकली. उसण म्हणजे काय ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

पिशवी चिरंजीवाने घेतली. त्याला काही दिसलं नाही. मी जशी होते तशी उभी राहिले आणि हसले. सूनबाई म्हणाली, "आई, आज किती ताठ उभ्या आहात!" मी म्हटलं, "टंकलेखनाची सवय." मग ती गळ्यात पडली. विहीणबाई, मला दिवसाढवळ्या तारे दिसले. पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. ओरडले असते तर ती पायरीही उतरली नसती. गाडी वळेपर्यंत हात हलवला, मनगटापासून पुढे तेवढाच.

चिरंजीव म्हणाला, "आई, आत चल." मी म्हटलं, "तू जा दुकानात, मी जरा हवा खाते." दुपारी तो जेवायला आला तेव्हाही मी दाराची चौकट धरून तिथेच होते. म्हणाला, "अजून हवा?" तेव्हा सांगावंच लागलं.

डॉक्टर घरी आले. आधी खाटेच्या कडेवर टिचकी मारली आणि विचारलं, "इथे दुखतं?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग या वेळी खरं आहे." हसले तर पाठीत अशी कळ आली की रडू आलं. आज कट् नाही करणार म्हणाले. थोडे दिवस जपायचं, पण पडून राहायचं नाही, हळूहळू चालायचं, पायांत मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं. आणि पाठीवर कुणाला उभं राहू द्यायचं नाही. हे त्यांनी का सांगितलं देव जाणे. सूनबाईने त्यांना तुमच्याबद्दल सांगितलेलं दिसतंय.

तिला कळवू नका. 'कळवू नका' याचा अर्थ या वेळी माझा घ्यायचा, तुमचा नाही. कळलं तर ती पहिल्या गाडीने परत येईल.

एक विचारायचं होतं. गिरणी थोडे दिवस बंद राहिली तर चालेल का? घरात दिवसभर कुणी नसतं. स्टूल रिकामं आहे. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय, पण नुसता अंगठा टेकवायला हरकत नसावी, असं मी माझ्या जबाबदारीवर ठरवलंय. लग्नात खुर्चीवरून मी तोंड फिरवलं तेव्हा तुमचा चेहरा मला दिसला होता. तेव्हा द्यायचा राहिला तो मान आता देते. लाथेचा पहिला मान तुमचा.

तुमची,
विहीण

ता. क. मन बरं आहे. काना राहिलेला नाही.

*

६ मार्च

विहीणबाई,

पत्र वाचलं आणि गिरणीला कुलूप घातलं. लोक दळणाचे डबे घेऊन उभे, विचारतायत कुठे निघालात. मी म्हटलं, विहिणीला लाथ मारायला. विश्वास बसेना कुणाचा. म्हटलं, अहो बोलावणं आलंय, मानाचं! शेवटी पत्रातली तेवढी ओळ दाखवावी लागली. बाकीचं हाताने झाकून धरलं होतं, घाबरू नका. हेडमास्तरांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, शुद्धलेखन निर्दोष आहे.

ठकीला कळवलं नाही. खरंच नाही. काल तिचा फोन आला होता, "आई कशा आहेत गं?" मी म्हटलं, ताठ. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा पोटात गोष्ट ठेवलीय, आता पोटालाही उसण भरेल असं वाटतंय. तिचं काय विचारता, सुटलीय नुसती! तिकडच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, बाई का पाठवली? हिने पिशवीतून पाना काढला आणि त्यांच्याच वर्गाच्या लिफ्टचं करकरणारं दार गप्प केलं. मला सांगितलं हो हे! आपण होऊन! आता तुमचं स्टूल तिकडे नाही ना, म्हणून माझ्या कानावर आलं असेल. असू दे, मला चालतं.

आता निघायच्या आधी एक सांगते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको. मी पायाळू आहे असं आई सांगायची. पण ती त्या वेळी कळा देत होती, तिने कुठे पाहिलं? सुईण म्हातारी झाली तेव्हा मी एकदा तिलाच विचारलं. म्हणाली, "पाय नाही, डोकं नाही, तुझी आधी जीभ आली." तर लाथेत गुण किती ते ठाऊक नाही. माणसं हसतात आणि हसता हसता सैल होतात, एवढं मात्र पाहिलंय. डॉक्टरांचं ऐकून अंगठाच टेकवीन. हसवणार मात्र पोटभर. तेवढी कळ सोसा.

स्टुलावर मी बसेन. पण एका अटीवर. ठकीने तुम्हाला सांगितलेल्या अडकलेल्या माणसांच्या गोष्टी तुम्ही मला सांगायच्या, पहिल्यापासून, एकही न गाळता. त्या शांत गृहस्थांचं पुढे काय झालं ते तर मला आल्या आल्या हवंय. आणि यंत्र पुसून ठेवा, त्याचा काना बसवायला ठकीचा जुना पाना घेतलाय. बसला तर बसला, नाहीतर काने मी देईन. मला सवय आहे.

आजवर लेकीच्या पाठीशी उभी राहिले, आता विहिणीच्या पाठीवर. म्हणजे अंगठा!

हे पत्र टाकते आणि तशीच गाडी पकडते. पत्र आधी पोचलं तर वाचा. मी आधी पोचले तर पाठ फिरवा.

पाय धुतलेत.

तुमची,
विहीण